मापाची बाई

आमच्या कारखान्यात प्रत्येकीच्या हाताला काही ना काही वळण आहे. कुणाची कॉलर मानेला अशी बसते की आरशात बघून बाई सरळ उभी राहते. कुणाच्या शिवणीत टाका शोधून सापडत नाही. मी काजं-बटणांच्या मशीनवर असते, आणि माझं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझ्या धाकट्या जावेच्या हाताला मात्र देवाने काहीच दिलेलं नाही. तिची शिवण निघते ती गल्लीच्या वळणासारखी. तरीही तिच्यावाचून कारखान्याचं पान हलत नव्हतं, कारण ती मीडियम होती.

बायकांचे तयार शर्ट शिवतो आम्ही. नवा नमुना आला की कटिंगमास्तर आधी एकच शर्ट बेततात. तो एका जिवंत बाईच्या अंगावर चढवायचा, तिला हात वर करायला लावायचं, बसायला लावायचं, कुठे ओढतोय आणि कुठे लोंबतोय ते बघायचं. मग त्यावरून पुठ्ठ्याचे साचे कापतात आणि साच्यांवरून शेकड्यांनी माल निघतो. लहान साइझ काढायचा तर मीडियममधून वजा करायचं, मोठा काढायचा तर मीडियममध्ये मिळवायचं. म्हणजे तीन गावच्या बायका जे शर्ट घालून फिरतात ते मुळात माझ्या जावेच्या अंगावर बेतलेले. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मीच तिला कारखान्यात चिकटवली होती. मास्तरांनी तिच्या गळ्यापासून टाचेपर्यंत टेप फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ही तर पुस्तकातून काढलेली मीडियम आहे." तेव्हापासून तिचं नाव तेच. घरी माझा दीरसुद्धा कधीकधी चुकून तिला त्याच नावाने हाक मारतो.

तिच्याआधी दुसरी एक मीडियम होती. बाळंतपणानंतर ती अंगाने सुटली आणि मालकीणबाईंनी तिला पॅकिंगला बसवलं. आता तिला सगळ्या पॅकिंगवाली म्हणतात. दिवसभर प्लास्टिकच्या पिशव्यांत शर्ट सरकवते बिचारी. ती कधी तक्रार करत नाही, पण पाण्याच्या नळाजवळ ती समोर आली की माझी जाऊ खाली बघायची. मला वाटायचं, लाजते. लाज नव्हती ती, धास्ती होती.

जावेला दिवस गेले तेव्हा घरात आनंदच झाला. तिने मात्र मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, "जाऊबाई, कारखान्यात इतक्यात बोलू नका हं." मी म्हटलं, पहिले तीन महिने बायका बोलतच नाहीत, त्यात काय. मी तोंड बंद ठेवलं, आणि माझ्यासारखीने तोंड बंद ठेवणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा. तीन महिने गेले, चौथा गेला, पाचवा लागला. मी विचारलं की ती म्हणायची, "सांगते हो, घाई काय आहे." तिच्या सैल झग्याखाली काही दिसतही नव्हतं. शेजारणी तिला जिन्यात अडवून कौतुक करायच्या. पाचवा महिना आणि पोट नाही, किती छान ठेवलंय शरीर, नाहीतर आम्ही. तिचा चेहरा तेवढ्यापुरता खुलायचा. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या दोन्ही वेळी मी दारातून आडवी होऊन जायचे आणि मला कुणी छान म्हटलं नव्हतं, हे त्यातलं एक कारण असेल. पण दुसरं कारण असं की ती मला जेवताना दिसत नव्हती.

आधी म्हणाली मळमळतं. मान्य. मळमळ थांबल्यावर सकाळी म्हणायची, कारखान्यात जाऊन खाते. नमुन्यांची खोली वरच्या मजल्यावर, आमच्या मशिनी खाली, जेवणाच्या सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळे वर ती काय खाते ते मला कळायचा मार्ग नव्हता. रात्री म्हणायची, कारखान्यात उशिरा खाल्लं, भूक नाही. एकदा मी तिचा डबा उघडून पाहिला, तर भात तसाच, वर ठेवलेलं अंडंही तसंच. मी डबा तिच्यापुढे आदळला. "हे काय आहे?"

"आज मास्तरांनी सुट्टीच दिली नाही."

"आणि काल?"

"काल खाल्लं की."

तोंडावर इतकं गोड खोटं बोलणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, ती म्हणते डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलंय." डॉक्टरांनी कधी सांगितलं, विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. तो बेकरीची गाडी चालवतो, पहाटे जातो, आणि बायको सांगेल ते डोळे मिटून मानतो. दवाखान्यात ती एकटीच जायची. रांग मोठी होती म्हणून परत आले, असं दोनदा तरी माझ्या कानावर आलं होतं. तेव्हापासून मशीनवर बसले की सुईखाली काज आणि डोक्यात ती. हिच्या पोटातलं मूल काय खातंय, हाच एक प्रश्न.

मग एक दिवस माल परत आला.

दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले होते. बाह्या चढत नाहीत म्हणे. गिऱ्हाइकाचा हात कोपरापर्यंत जातो आणि दंडाला अडकतो. आणि पुढून मात्र शर्ट असा सैल की आत उशी मावेल. मालकीणबाईंनी आधी मलाच वर बोलावलं, कारण पोटावरची बटणं भलतीकडे येतात अशीही तक्रार होती. मी म्हटलं, बटण मी साच्यावरच्या खुणेवर लावते, साचा मी कापत नाही. मास्तर तिथेच होते. त्यांच्या नाकावर लगेच राग आला. इतकी वर्षं कापड कापतोय, म्हणाले, माझ्या साच्याला नावं ठेवायची नाहीत. आणि त्यांनी माझ्या जावेला समोर उभं केलं, परत आलेल्या मालातला एक मीडियम शर्ट तिच्या अंगावर चढवला.

शर्ट तिला अगदी बरोबर बसला. बाही दंडावर जशी बसायला हवी तशी, पुढची बाजू कुठेही न ओढता. मास्तरांनी आमच्याकडे विजयाने बघितलं. "आता बोला," म्हणाले. "चुकलाय का साचा?"

मालकीणबाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी खालून शिलाईवर बसणारी पॅकिंगवालीची बहीण बोलावली, तीही मापाने मीडियमच. तिला तोच शर्ट घालायला दिला. तिचा हात कोपराच्या वर जाईना. मास्तरांनी जोर लावला तेव्हा शिवण करकरली.

मला त्या क्षणी कळलं. पण मी काही बोलायच्या आत मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. माझी जाऊ एक पाऊल मागे सरकली. "उभी राहा," ते म्हणाले. त्यांनी तिच्या दंडाभोवती टेप धरली, आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. साच्याच्या पुठ्ठ्यावर दंडाला अकरा इंच लिहिलेलं असतं, ते जुनं, पहिल्या दिवसाचं माप. टेपवर साडेनऊ होतं. मग त्यांनी कंबर मोजली. ती तीन इंच वाढली होती.

मास्तर स्टुलावर बसले. सगळा घोळ त्यांच्या तोंडून हळूहळू बाहेर आला. गेले काही महिने नमुना चढवला की बाही सैल वाटायची, ते थोडी आवळायचे. पुढची बाजू ओढल्यासारखी वाटायची, ते थोडी सोडायचे. कापड बदललं असेल, कात्री बदलली असेल, माझे डोळे म्हातारे झाले असतील, सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. उभ्या असलेल्या बाईला पुन्हा मोजून बघावं, हे एकदाही आलं नाही. मीडियम म्हणजे ती, आणि ती कशी बदलेल? इतका हुशार माणूस, पण डोळे होते ते शर्टावर.

"कितवा महिना?" मालकीणबाईंनी विचारलं.

मग मीच सांगितलं, "सहावा चालू आहे. आणि ही जेवत नाही."

मी मालकीणबाईंच्या तोंडून काहीतरी कडू ऐकायच्या तयारीत होते आणि माझी जीभही परजून ठेवली होती. त्यांनी आधी शर्टांच्या ढिगाऱ्याकडे बघितलं, मग तिच्या दंडाकडे. "घेऊन जा हिला," एवढंच म्हणाल्या. "आत्ताच जा."

रस्त्यात मी तिला एक शब्द बोलू दिला नाही आणि स्वतःही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि भर रस्त्यात रडणारी मी नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मात्र मी विचारलं, "का गं असं केलंस?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मला दुसरं काय येतं, जाऊबाई?"

तुला काही येत नाही हे खरं आहे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. ती सांगत गेली. उपाशी राहायचं असं तिने ठरवलं नव्हतं म्हणे. फक्त थोडं कमी, अजून एक नमुना होईपर्यंत, अजून एक. दर वेळी शर्ट बसला की तिला वाटायचं, म्हणजे सगळं ठीक आहे, काही वाढलं नाही, काही बिघडलं नाही. मास्तर शर्ट तिच्या अंगाप्रमाणे बदलताहेत हे तिला कुठे माहीत होतं? ती शर्टाकडे बघून निश्चिंत आणि मास्तर तिच्या भरवशावर निश्चिंत.

नर्सबाई वयाने मोठ्या, बोलायला मऊ आणि नजरेला कडक. त्यांनी आधी वजन केलं. सुरुवातीपासून आत्तापर्यंत सगळं मिळून दीड किलो वाढलेलं. त्यांनी जावेला झोपवलं आणि खिशातून टेप काढली. आमच्याच टेपसारखी, फक्त त्यांनी उलटी बाजू वापरली, सेंटीमीटरची. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत धरली. "या दिवसांत जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर यायला हवेत," म्हणाल्या. "दोन इकडेतिकडे चालतात. तुझे सव्वीस आठवडे झालेत आणि इथे बावीस आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सोनोग्राफी करून बघू. आधीच घाबरू नका."

हे वाक्य दवाखान्यात कुणी बोललं की माणूस तिथून पुढे फक्त घाबरतो. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मी भिंतीवरचं एकच चित्र इतक्या वेळा बघितलं की आजही डोळे मिटून काढून देईन. ती बाहेर आली. ठोके चांगले, पाणी पुरेसं, पण बाळ लहान. किती लहान, याचं उत्तर डॉक्टरांनी त्या दिवशी दिलं नाही. चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं. वाढतंय की थांबलंय, ते तेव्हा कळेल. मध्ये काही नाही, नुसतं थांबायचं.

निघण्याआधी नर्सबाईंनी तिला समोर बसवलं. "तुझं आधीचं वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य होतं. अशा बाईचं नऊ महिन्यांत अकरा ते सोळा किलो वाढायला हवं. पहिले तीन महिने फारसं नाही वाढलं तरी चालतं, पण त्यानंतर दर आठवड्याला चारपाचशे ग्रॅम तरी."

"इतकं जाड व्हायचं?" ती पुटपुटली.

"जाड कुठे? त्यात बाळ आलं, वार आली, पाणी आलं. गर्भपिशवी वाढते, छाती वाढते, तुझं रक्त वाढतं. आणि थोडी साठवण, पुढे दूध पाजायला. आत्ता बाळ, वार आणि पाणी यांचंच दीड किलोच्या वर होतं. तुझं वजन मात्र दीडच वाढलंय. मग बाकीचं कुठून आलं?" त्यांनी तिचा दंड हलकेच धरला. "इथून आलं. तू दिलं नाहीस म्हणून त्याने घेतलं. पण त्याला असं किती दिवस पुरेल?"

मी म्हटलं, आजपासून हिला दोघांचं खायला घालते. नर्सबाईंनी मलाही सोडलं नाही. "तेही नको. एकदम दुप्पट खाल्लं तर ओकून टाकेल. थोडं थोडं, दिवसातून पाचसहा वेळा. डाळ, अंडी, दूध, फळं, भाजी, मूठभर शेंगदाणे. एकदम पोट भरण्यापेक्षा रोज नेमाने पोटात जाण्याला महत्त्व आहे."

ते चार आठवडे मी कसे काढले ते मला विचारू नका. दिराने बेकरीतून पाव आणायला सुरुवात केली, इतका की शेजारणींनाही वाटावा लागला. त्याला मीच सगळं सांगितलं होतं. आता ती जेवताना तो समोर बसायचा आणि तिच्या घासाबरोबर त्याचंही तोंड हलायचं. जावेची भूकच मेली होती. अर्धं केळं खाल्लं की डोळ्यांत पाणी यायचं. मी ओरडायचे, मग मी मऊ आवाजात समजावायचे, आणि माझा मऊ आवाज ऐकून ती अधिकच घाबरायची. तिला वाटायचं, नक्की काहीतरी वाईट आहे आणि जाऊबाई लपवताहेत.

कारखान्यात मालकीणबाईंनी नमुन्यांसाठी कापडाचा पुतळा आणला. त्याला हात नव्हते. दंडाची कटकटच मिटली, मी मास्तरांना म्हटलं, पण ते हसले नाहीत. माझी जाऊ आता खाली आमच्यात बसून दोरे कातरायची. पॅकिंगवालीने न विचारता आपल्या शेजारची खुर्ची तिला दिली होती. दुपारी ती स्वतःचा डबा उघडायची, अर्धं अंडं जावेच्या ताटलीत ठेवायची आणि दुसरीकडे बघत जेवायची. जाऊ ते खायची. माझं ओरडणं जे करू शकलं नव्हतं ते त्या बाईने एक शब्द न बोलता केलं. मला त्याचा थोडा रागही आला, खरं सांगते.

तरी भीती कमी होत नव्हती. दुपारी बाळ हललं नाही की ती कात्री खाली ठेवायची आणि पोटावर हात धरून बसायची. मी आणि पॅकिंगवाली आजूबाजूच्या मशिनी थांबवायला लावायचो, जणू आवाजाने ते हलत नसेल. मग ती मान हलवायची आणि मशिनी पुन्हा सुरू व्हायच्या.

चार आठवड्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो. या वेळी दीरही आला होता, पण दारातच थांबला. नर्सबाईंनी टेप टाकली. जावेने छत बघितलं आणि श्वास रोखून पोट आत ओढलं. बाईंनी टेप उचलली. "पोट सैल सोड."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं."

तिला ते जमेना. टेप अंगाला लागली की आत ओढायचं, हे तिच्या शरीरात इतकं मुरलं होतं की ते आता तिचं ऐकत नव्हतं. मी तिच्या उशाशी गेले. काहीतरी मायेचं बोलावं म्हटलं, पण मला ते येत नाही. मी म्हटलं, "अगं, इथे कुणी शर्ट बेतत नाहीये." ती हसली. हसताना श्वास सुटला आणि पोट वर आलं. नर्सबाईंनी पटकन टेप धरली.

सत्तावीस. तिसाव्या आठवड्याला अजून तीनने मागे, पण चार आठवड्यांत पाचने पुढे. वजनही तेवढ्यात दोन किलोंहून जास्त वाढलेलं. सोनोग्राफीत बाळ लहानच होतं, पण वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, धोका गेला असं मी आज म्हणणार नाही, दोन आठवड्यांनी या. आता दर दोन आठवड्यांनी ही धाकधूक, शेवटपर्यंत. मी तरी काही वेगळं ऐकायची आशा धरली नव्हती.

बाहेर आलो. दीर गाडी आणायला गेला. दुपार झाली होती, रस्त्यावर माणसं घाईने येत-जात होती. मी पुढच्या तारखेचा, रजेचा, मालकीणबाईंना काय सांगायचं त्याचा विचार करत होते. जाऊ माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. तिने माझा हात ओढला.

"जाऊबाई, भूक लागलीय."

आमच्या घरात ती आल्यापासून हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. कोपऱ्यावर उकडलेली अंडी आणि पाव विकणारा होता. मी दोघींसाठी घेतलं. तिने तिचं संपवलं, बोटं चाटली आणि माझ्या हातातल्या पावाकडे बघितलं. मी तोही तिला दिला, आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून, कोण बघतंय याची पर्वा न करता, तोंड भरून खात राहिली.